शोभाताईंच्या घरची वायर

लोकांचा पक्का समज होता की मला सगळं दिसतं.

बेसा भागात घरोघरी इंटरनेटची वायर पोचवायचा धंदा मी केला. त्याआधी टीव्हीची केबल होती. आता दोन्ही नाही. माझं सगळं जाळं एका मोठ्या कंपनीला विकून मी घरी बसलो आहे, आणि बायकोच्या मते घरी बसूनही दुसऱ्यांच्या छतांकडेच पाहत असतो. खरं आहे ते. रस्त्यानं जाताना माणसं झाडं बघतात, पाटीवरची नावं बघतात. मी कोणाची वायर लोंबते आहे ते बघतो.

तर लोकांचा समज. एक गृहस्थ मला भाजीच्या ठेल्यावर गाठायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "मनोहरभाऊ, आमचं पोट्टं मोबाइलवर काय पाहून राह्यते, तुमाले तर दिसत असन?"

मी गंभीर चेहरा करायचो. "दिसते ना. पोट्ट्याचं आधी सांगू, का तुमचं आधी सांगू?"

"राहू द्या, राहू द्या. काही घाई नाही." ते वांगी न घेताच निघून जायचे.

वास्तविक मला डोंबल दिसत नव्हतं. कोणत्या घरातून, किती वाजता, कोणत्या दिशेला गाडी निघाली आणि किती वेळ चालली, एवढंच आमच्या मशीनमध्ये उमटतं. गाडीत कोण बसलं होतं आणि काय बोलत होतं, ते मला कळायची सोय नाही. पण ही उमटलेली नोंद जपून ठेवायची, ही परवान्याची अट होती. सरकारी खात्याकडून किंवा पोलिसांकडून रीतसर पत्र आलं की ती द्यायची, आणि पत्र आल्याचं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. लोकांच्या सुरक्षेसाठीच हे नियम आहेत. ते मी मनापासून मानत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मोठेपणाही वाटायचा. केबलवाल्याला कोण विचारतो? पण 'सेवा प्रदाता यांस' अशी सुरुवात असलेलं पत्र आलं की मी ते बायकोला वाचून दाखवायचो.

"म्हणजे तुम्हीच का?" ती विचारायची.

"मीच."

"मग जरा गॅस सिलिंडर लावायची सेवा प्रदान करा."

या मोठेपणाच्या भरात मी काय काय केलं! एकदा वरून काही घाणेरडी संकेतस्थळं बंद करायचा आदेश आला. मोठ्या कंपन्यांकडे नेमकं तेवढंच पान बंद करायची यंत्रं असतात. आमच्यासारख्याकडे एक जुनी पेटी, आणि तिला समजेल तेवढंच ती करते. मी ते संकेतस्थळ ज्या मशीनवर होतं, त्या मशीनचीच वाट बंद करून टाकली. आदेश पाळल्याचं कळवलं. समाधानानं पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन-चार बाप येऊन उभे. त्यांच्या समाजाचं सोयरिकी जुळवायचं संकेतस्थळ उघडत नव्हतं. मुलाकडच्यांना मुलीचा फोटो दिसून राहिला नव्हता.

मी समजावून सांगायला गेलो. "काका, तुमचं संकेतस्थळ आणि ते घाणेरडं, दोन्ही एकाच भाड्याच्या मशीनवर राहतात. एक बंद केलं की दुसरंही—"

"काय बोलून राहिले तुम्ही? आमच्या समाजाचं संकेतस्थळ तसल्या वस्तीत राहते?"

त्या मोसमात बेसा भागातली किती लग्नं माझ्यामुळे लांबली, देव जाणे. काही जण नंतर मला धन्यवाद देऊन गेले, ते सोडा.

आता दुसरी गोष्ट सांगायची म्हणजे पासवर्ड. हा आमच्या धंद्याचा अलिखित रिवाज होता, आणि तो नागपुरात कोणी सुरू केला मला ठाऊक नाही; बहुतेक मीच. नवीन जोडणी दिली की वायफायला पासवर्ड लावावा लागतो. गिऱ्हाईक तो विसरतं. विसरलं की फोन करतं. फोन केला की माणूस पाठवावा लागतो. म्हणून माझा जुना वायरमन गजानन सरळ गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकायचा. स्वतःचा नंबर कोण विसरतो? फोन येणं बंद. मी त्याची पाठ थोपटली होती.

शोभाताईंचा नंबर तर विसरणं शक्यच नव्हतं. तो त्यांच्या फाटकावर हातभर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. 'घरगुती डबा मिळेल', आणि खाली नंबर. शोभाताई एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गल्लीत समोर शिकायला आलेली मुलं भाड्यानं राहायची, त्यांना डबे द्यायच्या; लांबच्या गिऱ्हाइकांचे डबे गाडीनं जायचे. स्वभाव तिखट आणि हात सढळ. बिल मागायला गेलं की आधी ताट वाढायच्या, मग बिल मागायची आपली हिंमत राहायची नाही.

त्यांच्याकडे पल्लवी नावाची एक मुलगी राहायला आली. पंचविशीतली असेल. "भाची आहे," शोभाताई म्हणाल्या. भाची वगैरे नव्हती. एका डब्याच्या गिऱ्हाइकानं आणून सोडली होती. कळमेश्वरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या नवऱ्याच्या घरून निघून आली होती. का आली, ते तिच्या मनगटाकडे बघितलं की विचारावं लागत नव्हतं. ती पोळ्या लाटायची आणि रिकाम्या वेळात फोनवर एका वकीलबाईंशी बोलायची. तिच्या फोनला फक्त शोभाताईंचं वायफाय होतं. सिमकार्ड काढून ठेवलेलं होतं, कारण ते नवऱ्याच्या नावावर होतं. आपल्याकडे कितीतरी बायकांचं असतं तसं. सिम घातलं की कुठे आहोत ते निघेल, एवढं तिला कळत होतं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. पण माझं तोंड मला ठाऊक आहे.

शोभाताईंच्या घराबाबत पोलिसांचं पहिलं पत्र आलं ते अगदी योग्य कारणासाठी होतं, हे आधी नोंदवतो. कॉलेजातल्या एका मुलीचे फोटो कोणीतरी बिघडवून, खोट्या नावानं सगळीकडे टाकले होते. त्या मुलीनं जेवण सोडलं होतं म्हणे. ज्या जोडणीवरून हे झालं ती माझ्या जाळ्यातली होती. कोणाचं घर, ते सांगा. मी नोंद काढली. शोभाताईंचं घर निघालं. मी थोडा चरकलो, पण नोंद म्हणजे नोंद. पाठवून दिली, आणि बायकोला म्हणालो, "बघ, आपल्यामुळे गुन्हेगार सापडतो."

"शोभाताई?" ती म्हणाली. "पासष्टीची बाई? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आणि एक हवालदार ऑफिसात आले. राउटर काढायला मी सोबत चलावं, आणि पंच म्हणून सहीही करावी. पंच म्हणजे जप्तीच्या वेळी समोर हजर असलेला साक्षीदार. सेवा प्रदाता, वर पंच. मी शर्ट बदलून निघालो.

शोभाताई डबे भरत होत्या. पोलिसांना बघून त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय झालं गा मनोहरभाऊ? बिल तर देल्लं मी."

फौजदार सभ्य माणूस होता. त्यानं नीट सांगितलं. घरातले सगळे फोन तपासासाठी न्यावे लागतील. शोभाताईंनी आपला दिला. मग हवालदारानं ओट्याशी उभ्या पल्लवीकडे हात केला. तिनं फोन पुढे केला, पण हातातून लगेच सोडला नाही.

"नंबर काय?"

ती ओट्यावरची कणीक झाकायला वळली.

हवालदारानं सिमची खाच उघडली. रिकामी. "सिम नाही? बिनासिमचा फोन काहून वापरून राहिली तू?"

तिच्यावर संशय येतो आहे, हे मला दिसलं. पोरगी घाबरली आहे, आपण मदत करावी, असं वाटलं. आणि दुसरंही वाटलं, तेही सांगतो: या खात्याच्या लोकांना कळत नाही, मला कळतं. गिऱ्हाइकांच्या सवयी मला पाठ. मी पुढे झालो, फोनचं मागचं रबरी कव्हर काढलं, आणि आत दडवलेलं सिम हवालदाराच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या साहेब. लोकं असंच ठेवतात."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आभार मानते आहे.

सिमवरून नाव निघायला वेळ लागत नाही. सिम घेताना आधार घेतात, बोट टेकवून घेतात. हा नियमही सुरक्षेसाठीच. नाव नवऱ्याचं निघालं. ठाण्यातल्या कोणीतरी सरळ मनानं त्याला फोन केला: तुमच्या नावाचं सिम असलेला फोन बेसा भागात अमुक घरातून जप्त केला आहे, येऊन जबाब द्या. यात कोणाचं काय चुकलं, मला अजून नीट सांगता येत नाही. प्रत्येकानं आपापलं काम केलं. मी तर जरा जास्तच केलं.

शोभाताई दुसऱ्या दिवशी फोन परत मिळेल का विचारायला ठाण्यात गेल्या, तर हवालदार त्यांना दिलासा द्यायला म्हणाला, "काळजी करू नका आजी, तुमच्या भाचीच्या घरी कळवलं आहे. येऊन राहिले ते."

शोभाताई रिक्षानं घरी आल्या. डब्यांची गाडी दारात उभीच होती. त्यांनी गाडीत डब्यांच्या क्रेटांमध्ये जागा करून पल्लवीला बसवलं, आपला कपाटातला जुना फोन तिच्या पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "जाय. कोठी जातं ते मले सांगू नको. मले मालूमच नसन तर मी सांगन काय?" हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

खरा गुन्हेगार आठवड्याभरात सापडला. समोर भाड्यानं राहणारा एक पोरगा. शोभाताईंच्या फाटकावरचा नंबर त्यानं सहज पासवर्ड म्हणून टाकून पाहिला होता, आणि लागला. त्या कॉलेजच्या मुलीचे फोटो सगळीकडून हटवले गेले. चांगलंच झालं. राउटर आणि फोन परत आले. मी गजाननला बोलावून म्हटलं, "सगळ्यांचे पासवर्ड बदल." तो म्हणाला, "सगळ्याईचे? मग त्याईचे फोन कोण उचलन?" मी म्हटलं, मी उचलीन. आणि उचलले. पुढचे कितीतरी दिवस लोक मला शिव्या देत होते. त्या शिव्या खायला मला बरं वाटत होतं.

पल्लवीचा नवरा माझ्या ऑफिसात आला तो याच दिवसांत, एका दुपारी. मला वाटलं होतं, कोणी दांडगा, लाल डोळ्यांचा इसम असेल. तसं काही नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, खिशाला पेन. मला वाकून नमस्कार केला. शोभाताईंच्या दारातून तो नुकताच परत आला होता. तिथे त्याला काय ऐकायला मिळालं असेल, त्याची मला कल्पना होती.

"काका, माझी बायको त्या घरी होती. आता नाही म्हणतात. मले बस एवढं पाहिजे का ती सुखरूप आहे. तिचा त्या बाईशी फोन होतच असन. तुमच्याकडं रेकॉर्ड राहते ना?"

मी खुर्चीत ताठ बसलो. आता आपण नाही म्हणायचं, हे मला कळलं होतं. आणि मी अतिशय बाणेदारपणे नाही म्हणालो. "हे बघा, गिऱ्हाइकाची नोंद मी कोणालाही देत नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. पोलिसांचं रीतसर पत्र आल्याशिवाय एक आकडा बाहेर जात नाही."

त्यानं मान हलवली. "बराबर आहे काका. नियम म्हणजे नियम." जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी मी बायकोला हा प्रसंग ऐटीत सांगितला. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"म्हणजे पत्र आणलं की मिळते, हे तुम्हीच सांगितलं त्याला."

मी जेवलो नाही त्या दिवशी.

पत्र आलंच. नवऱ्यानं बायको हरवल्याची तक्रार दिली होती. हरवलेल्या बाईचा शोध घेणं हे पोलिसांचं कामच, त्यांना दोष कसा द्यायचा? पत्रात लिहिलं होतं: सदर महिला ज्या घरी वास्तव्यास होती त्या घरच्या जोडणीचा तपशील द्यावा. मागचाही, आणि पुढचाही. खाली नेहमीची ओळ: ही बाब गोपनीय ठेवावी.

मी नोंद उघडून पाहिली. आजवर पत्र असलं की तेवढंच बघायचो. या वेळी बघत बसलो. शोभाताईंच्या घरातून, डबे निघून गेल्यावर, जवळजवळ रोज एकाच जागेकडे बोलणं झालेलं होतं. चांगलं लांबलचक बोलणं. काय बोलल्या असतील, मला दिसत नव्हतं. पण ती जागा दिसत होती. तिथल्या आमच्यासारख्याच एखाद्या वायरवाल्याला असंच पत्र गेलं की घर दिसेल.

मी ओळखीच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, द्यावंच लागतं, नाहीतर परवाना जाईल आणि तू आत जाशील. मी म्हटलं, दुसरा मार्ग? तो म्हणाला, "ती सज्ञान आहे. तिनं कोणत्याही ठाण्यात जाऊन सांगावं, मी हरवलेली नाही, माझा पत्ता कोणाला देऊ नका. संपलं."

गोपनीय म्हणजे गोपनीय. मी शोभाताईंना पत्राबद्दल एक शब्द सांगितला नाही. मी फक्त त्यांच्याकडे जेवायला गेलो. दुपारी, डबे गेल्यावर. त्यांनी ताट वाढलं.

"आज कसे काय फिरकले?"

"सहज. तुम्हाला इंटरनेट कसं चालतं ते सांगावं म्हटलं."

"मले?" त्या हसल्या. "आता या वयात?"

मी वरणात बोट फिरवत सांगत राहिलो. कोणतं घर, कोणत्या जागेकडे, कधी, किती वेळ. बोलणं कोणाला कळत नाही, पण जागा राहते. आणि एखाद्या बाईला असं वाटलं की आपल्याला शोधून राहिले आहेत, तर तिनं ठाण्यात जाऊन लिहून द्यावं, असा कायदा आहे. मी कोणाचंच नाव घेतलं नाही. शोभाताईंचं हसू केव्हाच गेलं होतं.

"ठाण्यात जावं? ज्या ठाण्यातून तिच्या नवऱ्याले फोन गेला, तसल्या ठाण्यात?"

"दुसऱ्या गावचं असेल ते."

"खुर्ची तीच राहते ना, भाऊ."

मी भात कालवत राहिलो.

"जे बोलून झालं, ते मिटवता येते का?"

"नाही."

"अन् आजपासून?"

"बोललंच नाही तर नोंद कुठून येणार? पण एक जरी फोन झाला, तरी समोरचं माणूस त्या वेळी जिथे असेल ती जागा उमटते."

"मोबाइलवरून बोलली तर?"

"त्या कंपनीकडेही राहते."

"शेजारच्या घरून?"

"शेजारीही माझंच गिऱ्हाईक आहे, ताई."

त्या उठल्या. मला वाटलं, भाकरी आणायला गेल्या. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि राउटरचं बटण बंद झाल्याचं मला टक् करून ऐकू आलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "वायर काढून टाका. घरात राह्यली तर माझा हात जाईन. मी काही देव नाही."

"काढायची गरज नाही. नुसतं बंद—"

"काढा म्हणते ना."

मागची नोंद मी पत्राप्रमाणे पाठवली. खाली एक ओळ जोडली की सदर जोडणी गिऱ्हाइकाच्या विनंतीवरून बंद केली आहे, सबब पुढील तपशील उपलब्ध नाही. आयुष्यात लिहिलेल्या ओळींत एवढीच मला बरी वाटते. पोलीस त्या जागेपर्यंत पोचले का, पल्लवी तोवर तिथून हलली होती का, मला माहीत नाही. पत्र मागणारे उलट पत्र पाठवत नाहीत. नवरा पुन्हा आला नाही. यातून काय समजायचं, ते मला ठरवता आलेलं नाही. तो दमला म्हणून आला नाही, की त्याला आता माझी गरज उरली नाही म्हणून. वकीलबाईंचा नंबर शोभाताईंकडे नव्हता. पत्ता तर त्यांनी मुद्दामच विचारला नव्हता.

वायर काढायला गजाननला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. बऱ्याच वर्षांनी शिडी चढलो, गुडघे कुरकुरत होते. शोभाताई खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या होत्या. घड्याळ बघायची गरज नव्हती. डबे गेले होते, ओटा पुसून झाला होता. ही पल्लवीचा फोन यायची वेळ होती.

"पोरीले वाटन, मी रागावली," त्या खालून म्हणाल्या. "आपल्यामुळं घरात पोलीस आले म्हणून म्हातारीनं बोलणं टाकलं, असंच वाटन तिले."

"नाही वाटणार ताई. समजेल तिला."

"कसं समजन? काहून बोलत नाही, हे सांगाले तरी एकडाव बोला लागन ना, भाऊ?"

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. त्यांनी शिडी घट्ट धरलेली होती. मी पकड लावली आणि वायर कापली.